तात्यांच्या पोटावरची कपबशी

नगरच्या एमआयडीसीतली आमची फॅक्टरी बसच्या कपाळावर लावायच्या पाट्या बनवते. लाल दिव्यांत पळणारं ‘जलद’, ‘विनाथांबा’ वगैरे. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत असली तरी पाटीवर विनाथांबाच असतं, पण ती जबाबदारी आमची नाही. देवळांना आरतीच्या वेळा आणि ढाब्यांना ‘शुद्ध शाकाहारी’ही आम्हीच पुरवतो. ढाब्याच्या पाटीतला ‘शुद्ध’ वर्षभरात विझतो, अशी तक्रार येते. आम्ही म्हणतो, पाटी प्रामाणिक आहे.

मला मात्र तिथे घेतलं ते वेगळ्याच कामासाठी. आमचे शेठ दिल्लीला एका प्रदर्शनात जाऊन आले होते. तिथे एका परदेशी बाईने हातरुमालाएवढा पडदा दोन्ही हातांनी धरून ओढला. त्यावरचं उजेडाचं फुलपाखरू लांब झालं आणि सोडल्यावर परत जागेवर आलं. शेठ घरी परतले ते त्या फुलपाखराच्या प्रेमात पडून. मी तेव्हा पुण्याच्या नोकरीला कंटाळून नगरला घरी आले होते. माझ्या बायोडेटात ‘फ्लेक्सिबल’ असा एक शब्द होता. मी तो कामाच्या वेळांबद्दल लिहिला होता, पण शेठनी तो वाचला आणि मुलाखत तिथेच संपवली.

“आपल्याला ओढता येणारं पॅनेल करायचंय,” ते म्हणाले.

“कशासाठी?”

“ते नंतर बघू. आधी ओढता तर आलं पाहिजे.”

अडचण सांगायला सोपी होती. एलईडीचा दिवा कितीही बारीक असला तरी खड्यासारखा कडक. त्याला वीज नेणारी तांब्याची पट्टीही ताठ. हे सगळं मऊ सिलिकॉन रबरावर बसवायचं, आणि वर म्हणायचं, आता हवं तसं ओढा. पट्टी सरळ ठेवली तर पहिल्या ओढीतच तुटते. म्हणून ती नागमोडी काढायची, घाटातल्या रस्त्यासारखी. रबर ताणलं की वळणं उलगडतात आणि तांब्याला स्वतःला ताण बसत नाही. एवढं मला काही महिन्यांत जमलं. ओढून माझं पॅनेल तुटेना. पण वाकवलं की तुटायचं, आणि दर वेळी एकाच जागी: कडक दिवा जिथे संपतो आणि मऊ रबर जिथे सुरू होतं, त्या हद्दीवर. आमच्या जिल्ह्यातली निम्मी भांडणंही बांधावरच होतात, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही. फक्त उपाय सुचत नव्हता.

माझ्या जोडीला एक मेकॅनिकलवाला दिला होता. हा राजूरकडचा, कमी बोलणारा, आणि बोलला की माणसाला चहा कडू लागावा असा. त्याने बसच्या वायपरच्या जुन्या मोटरीपासून एक यंत्र बनवलं. पॅनेल त्यात अडकवलं की ते एका नळीवरून वाकायचं, सरळ व्हायचं, परत वाकायचं, दिवसभर. त्याने यंत्रावर खडूने लिहिलं: ‘कार्यकर्ता’.

“हे काय?” मी विचारलं.

“दिवसभर वाकतो, ताई. काय मिळणार विचारत नाही.”

शेठनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुमच्या ख्रिश्चन लोकांत नवीन मशीनला काय करतात?”

“आमच्यात वॉरंटी बघतात,” मी म्हटलं.

त्या यंत्राने माझी सगळी पॅनेलं मारली. आणि नेमक्या त्याच दिवसांत राहात्याचे तात्या आले.

तात्या म्हणजे पेरूच्या बागा, दूध संकलन केंद्र, एके काळचं सरपंचपद आणि शेठचे लांबचे पाहुणे. पंचायत समितीची निवडणूक लागली होती. तात्यांना तिकीट मिळालं नव्हतं, म्हणून ते जनतेच्या आग्रहाखातर अपक्ष उभे होते. जनता म्हणजे दोन मेहुणे आणि एक ट्रॅक्टरवाला. चिन्ह मिळालं होतं कपबशी. तात्यांनी फॅक्टरीत पाऊल टाकलं तेव्हा आधी त्यांचं पोट आत आलं, मग नमस्कार, मग ते स्वतः.

“मला कपबशी हितं पायजे,” त्यांनी छातीपासून बेंबीपर्यंत हात फिरवला. “लाइटची. वाफ निघती पायजे वर. समोरच्यानी डीजे आनलाय. आपल्याकडं कायतरी वेगळं नको का?”

शेठचे डोळे चमकले. फुलपाखराला गिऱ्हाईक मिळालं होतं.

मी म्हटलं, “तात्या, पॅनेल ताणाला टिकतं. पण अजून वाकवल्यावर टिकत नाही.”

“मी कशाला वाकतोय?” तात्या म्हणाले.

“तात्या कधी कुणापुढे वाकले नाहीत,” शेठ म्हणाले, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ते खरंही होतं. सरपंचपदाच्या सगळ्या काळात तात्या वाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. फक्त आता मतदान तोंडावर आलं होतं, ही गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही.

काळं जॅकेट शिवून घेतलं आणि त्याच्या पुढच्या बाजूला पॅनेल चिकटवलं. बॅटरी पाठीवर. तात्यांनी ते घातलं, चेन लावताना एक मेहुणा लालबुंद झाला, आणि कपबशी पेटली. मला सांगायला हवं की त्या क्षणी मी खूश झाले. पोटाच्या गोलाईवर पॅनेल छान ताणलं गेलं होतं, कपाला चांगला घेर आला होता आणि वरून वाफ निघत होती. तात्यांनी श्वास घेतला की कप मोठा व्हायचा. यंत्रावर मेलेली माझी सगळी पॅनेलं मी त्या एका श्वासापुरती विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

“मॅडम, बशी गेली.”

“कुठे गेली?”

“कुठं म्हंजे? इझली! एका म्हातारीच्या पाया पडाया वाकलो अन् इझली.”

मी म्हटलं, कप तर आहे ना, चालवून घ्या. संध्याकाळी कपाचा कान गेला. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला, आणि त्याचा आवाज अगदी खाली होता.

“मॅडम, लोकं हसत्यात. ती बादली दिसती हो.”

फोटो पाठवला तेव्हा मला कळलं. खाली बशी नाही, बाजूला कान नाही, आणि वाफेच्या मधल्या रेषा विझून फक्त बाहेरची कमान उरलेली. कडीसकट बादली. अगदी नवीकोरी. आणि समोरच्या उमेदवाराचं चिन्ह बादलीच होतं. तात्या आदल्या संध्याकाळपासून गावोगाव हात जोडून, स्वतःच्या पोटावर, विरोधकाचा प्रचार करत होते.

शेठ म्हणाले, “मॅडम, जा तिकडं. बघा हा माणूस नेमका वाकतो कसा.”

फॅक्टरीच्या टेम्पोतून मी नगर-मनमाड रस्त्याने राहात्याला गेले. त्या रस्त्यावर जे पॅनेल टिकेल ते जगात कुठेही टिकेल, हे मला कोल्हारच्या अलीकडेच पटलं. तात्यांच्या घरी पोचले तर तात्या आंघोळीला गेलेले. त्यांच्या बायकोने, घरात सगळे त्यांना काकू म्हणत, मला चहा दिला आणि त्या समोर बसल्या. पेरूचा हिशोब, दुधाची गाडी, मजूर, सगळं त्याच बघायच्या, हे त्यांना येणाऱ्या फोनवरूनच कळत होतं.

“तुमीच केलं व्हय ते दिव्याचं?” त्यांनी विचारलं.

“हो. जरा बिघडलंय.”

“पोटावर कपबशी घिऊन फिरत्यात,” त्या म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून हातानी एक उचलली न्हाई.”

तात्यांना तेच बिघडलेलं जॅकेट घालायला लावून मी दिवसभर प्रचाराच्या गाडीतून त्यांचं वाकणं पाहिलं. माझ्या आयुष्यात एका पुरुषाच्या पोटाकडे मी एवढं लक्ष कधी दिलेलं नाही. त्यांचं वाकणं सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. तरण्या पोरांना नुसती मान. सोसायटीच्या चेअरमनला कमरेतून अर्धं. आणि म्हाताऱ्या बायांना पूर्ण, पार जमिनीपर्यंत, कारण त्यांच्या पाठीमागे अख्खं घर मतदानाला येतं. पूर्ण वाकले की बेंबीच्या जरा वर पोटाची एक घडी पडायची. ती घडी पेन्सिलीच्या जाडीची होती. आमचा कार्यकर्ता मात्र चांगल्या जाड नळीवरून वाकत होता. म्हणजे आमच्या यंत्रापेक्षा तात्या कडक परीक्षा घेत होते.

दुपारून आम्ही गावाबाहेरच्या बौद्धवाड्यात गेलो. विहाराच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तात्या तिच्या दिशेने निघाले तशी ती हात वर करून ओरडली, “वाकू नगं रं बाबा! तुजे दिवे जात्यात!”

सगळा वाडा हसला. तात्याही हसले, आणि हसत हसत वाकले. खरंच उरलेल्या बादलीतली एक ओळ विझली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाजूची एक बाई पुढे आली, “माज्याबी पाया पडा की, बघू कोनता जातो.” तिच्यामागे आणखी दोघी. डीजेवाल्याच्या मागे नसेल तेवढी गर्दी तात्यांच्या भोवती होती. मी गाडीत कपाळाला हात लावून बसले होते. माझ्या कामाची चेष्टा चालली होती, एवढंच मला दिसत होतं. दुसरं काही दिसलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

जॅकेट घेऊन मी नगरला परतले, ते कापलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. तडे तिथेच होते, दिव्याच्या कडेला. पण आता मला ती घडी माहीत होती. आधी मी चित्र वर सरकवलं आणि घडीच्या जागी एकही दिवा ठेवला नाही, तिथून फक्त नागमोडी तारा नेल्या. मग प्रत्येक दिव्याभोवती रबराची आणखी एक कडा दिली, ना फार कडक ना फार मऊ. कडक आणि मऊ एकदम समोरासमोर आले की भांडतात, मधे कुणी समजूतदार असला की निभतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तांबं आजवर रबराच्या पाठीवर होतं ते मधे घेतलं. जाड खोडरबर वाकवून पाहा. वरची बाजू ताणली जाते, खालची चुरगळते, पण मधल्या थराला यातलं काहीच कळत नाही. तिथे तार बसवायची. वरून तेवढंच रबर, खालून तेवढंच.

मेकॅनिकलवाल्याने कार्यकर्त्याची नळी काढून तिथे पेन्सिल लावली. यंत्र वाकत राहिलं. आम्ही जेवलो, ते वाकत होतं. दुसऱ्या दिवशी आलो, ते वाकत होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मोटर जळाली. पॅनेलवरचे सगळे दिवे चालू होते.

“कार्यकर्ता मेला,” मेकॅनिकलवाला म्हणाला. “पण कपबशी निवडून आली.”

मी त्याला मिठीच मारणार होते, पण तो राजूरचा माणूस, दोन पावलं मागे सरकला.

नवं जॅकेट मी स्वतः घेऊन गेले. तात्या परत त्याच वाड्यात गेले, त्याच म्हातारीसमोर. तिने या वेळी अडवलं नाही, उलट लुगडं सावरून पाय पुढे केले. बाकीचे ओट्याभोवती जमले. तात्या वाकले. पार खालपर्यंत. कपबशी पूर्ण, कानासकट, बशीसकट, वाफेसकट पेटलेली. मी टाळीसाठी हात उचलले.

कुणीच टाळी वाजवली नाही. लोक वाट बघत राहिले. शेवटी मागून एकाने विचारलं, “बिघडलं व्हय?”

“न्हाई, चालू हाय,” मेहुणा म्हणाला.

“मंग जाईना का?”

म्हातारीने पाय मागे घेतले आणि परत शेंगा सोलायला घेतल्या. गर्दी पांगली. दोन गावं फिरलो, दोन्हीकडे तेच. संध्याकाळी तात्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

“मॅडम, ते जुनंच द्या.”

“कोणतं जुनं?”

“बिघडल्यालं. लोकं त्येच्यासाठी येत हुती. आता कोन इचारना.”

मी अक्षरशः भांडले. म्हटलं, तात्या, हे न विझावं म्हणून मी इतके महिने खपलेय. या तालुक्यातच काय, आख्ख्या जिल्ह्यात असं पॅनेल कुणाकडे नाही. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचं खरं हाय,” ते म्हणाले. “पन मला मतं पायजेत, पॅनेल न्हाई.”

जुनं जॅकेट मी कापून टाकलं होतं. शेठना फोन केला तर ते म्हणाले, “अहो, एक बटन बसवा की. गिऱ्हाईक म्हणतंय विझव, तर विझवायचं.” राहात्याच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून मी बटण जोडलं. तार जॅकेटच्या उजव्या खिशात काढली. तात्यांनी वाकताना बटण दाबायचं, खालच्या ओळी विझणार. सोल्डरचा धूर डोळ्यांत जात होता, आणि डोळ्यांत पाणी का, असं विचारणाऱ्या दुकानदाराला मी तेवढंच कारण सांगितलं.

एका गोष्टीचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. बटण दाबायचं तर हात खिशात पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या एका वस्तीवर एका आजींसमोर वाकले. डावा हात पायाला, उजवा खिशात. दिवे गेले, बरोबर वेळेवर. पण आजींचं दिव्याकडे लक्षच नव्हतं.

“एका हातानं पाया पडतो व्हय रं?” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या हातात काय धरून ठिवलंय एवढं?”

तात्यांनी घाईने हात बाहेर काढला, त्यासोबत बटणही तारेला लोंबकळत बाहेर आलं. ते सगळ्यांनी पाहिलं. दुपारपर्यंत आसपासच्या गावांत दोन गोष्टी पोचल्या: तात्या एका हाताने पाया पडतो, आणि त्याचे दिवे खोटे जातात. दुसरी गोष्ट लोकांना जास्त लागली. आधी जात होते ते खरे जात होते, त्यात मजा होती. आता माणूस आपल्याला फसवतोय असं झालं.

तात्या पडले. फार फरकाने नाही, पण पडले. बादली निवडून आली. निकालानंतर आठवड्याभरात नव्या सदस्याच्या माणसाचा फॅक्टरीत फोन आला: मिरवणुकीसाठी तसंच जॅकेट पाहिजे, बादलीचं.

शेठनी उत्साहाने सांगितलं, “आता आमचं पॅनेल वाकलं तरी काही होत नाही.”

“वाकायचं काय काम आता?” तो म्हणाला. “साधंच करा.”

मला त्या जॅकेटमध्ये रस नव्हता. मला तात्यांचं परत हवं होतं. यंत्रावर चाचणी करणं वेगळं आणि खऱ्या माणसाच्या पोटावर, घामात, उन्हात, हारांच्या ओझ्याखाली, त्या रस्त्यावरून फिरून आलेलं पॅनेल उघडून बघणं वेगळं. मी तीनदा निरोप पाठवला. काकूंनी कळवलं की जॅकेट कपाटात आहे आणि तात्या त्याला कुणाला हात लावू देत नाहीत.

मग एक दिवस तात्या स्वतःच आले, एकटे, एसटीने. मेहुणे नव्हते. हातात पेरूची पिशवी आणि जॅकेट. जरा वाळले होते.

“कापनार म्हनता?”

“कापावं लागेल. आत काय झालंय ते बघायचंय.”

“माज्यासमोर कापा.”

मी घडीच्या जागेतून शेजारच्या दिव्यापर्यंत काप घेतला आणि तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. आधी मी बघितलं. मग त्यांना बसवलं, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. तांब्याची नागमोडी पट्टी रबराच्या मधोमध लखलखत होती. दिव्याच्या कडेलाही तडा नव्हता. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, वरचा थर, खालचा थर, मधला थर. पहिल्यांदाच कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकलं. शेठनीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

“म्हंजे तुटलं न्हाई कुटंच,” तात्या म्हणाले. “एवढं वाकूनबी.”

“नाही. कुठेच नाही.”

ते मायक्रोस्कोपवरून उठायला गेले आणि कमरेवर हात ठेवून मधेच थांबले. चेहरा वाकडा झाला. मेकॅनिकलवाल्याने पुढे होऊन त्यांना खांद्याला धरून हळूहळू सरळ केलं.

“मंग माजीच पाट का दुखती?” त्यांनी मला विचारलं. खरोखरच, उत्तराच्या अपेक्षेने.

मी म्हटलं, “तात्या, मी इलेक्ट्रॉनिक्सची आहे.”

मेकॅनिकलवाल्याने त्यांना खुर्ची दिली. मी पेरू कापले, मीठ-तिखट लावलं. आम्ही तिघांनी ते कार्यकर्त्याच्या शेजारी बसून खाल्ले. जाताना तात्यांनी कापलेल्या जॅकेटचे दोन्ही तुकडे गोळा केले आणि पेरूच्या रिकाम्या पिशवीत घातले. मी विचारलं, आता त्याचं काय करणार. ते म्हणाले, काय न्हाई, असूद्या.